युनूसभाईंची रॉकेट-विमानं

युनूसभाई गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी आयसीयूत सकाळच्या ड्यूटीचा चार्ज घेत होते. मेसेज त्यांच्या मुलीचा, सनाचा होता. इंग्रजीत, एका ओळीचा. मी फोन खिशात ठेवला, उरलेल्या तीन पेशंटची माहिती ऐकून घेतली, सही केली आणि मग लिननच्या खोलीत जाऊन दार लावून उभी राहिले. त्याच्या अकरा दिवस आधी त्यांना कुवेतच्या अबू हलीफा भागातल्या त्यांच्या घरी भेटले होते. पाठीशी दोन उशा, मांडीवर चहाचा ट्रे उलटा ठेवलेला आणि त्यावर त्यांच्या पुस्तकाचे कागद. तब्येतीचं विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "मीनाताई, 'ध्वनीची भिंत' हा शब्द ठेवू की काढू? भिंत तिथे नव्हतीच. लोकांना वाटत होती." मी म्हटलं, मग तसंच लिहा. त्यांनी मान हलवली आणि तसंच लिहिलं... ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

युनूस सोलकर आमच्या हॉस्पिटलात मेडिकल गॅसचे टेक्निशियन होते. मूळचे दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, आयटीआयचे फिटर, विशीत कुवेतला आले आणि इथेच राहिले. हॉस्पिटलच्या मागे जी उंच पांढरी टाकी उभी आहे, तिच्यात द्रवरूप ऑक्सिजन असतो. तिथून तो वायू होऊन पाइपातून प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीपर्यंत येतो. जुलैत बाहेर डोळे उघडवत नाहीत अशा उन्हातही त्या टाकीजवळच्या पाइपांवर बर्फाचा जाड थर असतो. युनूसभाई तिथल्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसत. मी चिपळूणची, म्हणून भेटलो की गावाकडच्या गप्पा व्हायच्या, पण ओळख तेवढीच होती. खरी ओळख झाली ती भांडणातून.

सात-आठ वर्षांपूर्वी टाकीवरची काही जोडणी एका कंत्राटदाराकडून बदलून घेतली होती. काम संपलं, टँकर येऊन उभा राहिला आणि युनूसभाईंनी व्हॉल्व्ह उघडायला नकार दिला. सगळं हॉस्पिटल सिलिंडरवर चाललं होतं. दुपारपर्यंत माझ्या वॉर्डात दोनदा प्रेशरचा अलार्म वाजला, तशी मी तावातावाने खाली गेले. केबिनसमोर कंत्राटदाराचा इंजिनियर आणि आमचे सुपरवायझर उभे होते. इंजिनियर समजावणीच्या सुरात म्हणत होता, "युनूसभाई, हर जगह यही वॉशर लगाते हैं."

"जहाँ लगाते होंगे, वहाँ का व्हॉल्व्ह मैं नहीं खोलता," युनूसभाई म्हणाले. "यहाँ का मैं खोलता हूँ."

मी मध्येच बोलले. माझ्याकडे सात व्हेंटिलेटर चालू आहेत, तुमचा वाद किती वेळ चालणार आहे, असं काहीतरी. ते माझ्याकडे वळले. आवाज चढला नाही. "ताई, तुमच्या सातही पेशंटना ऑक्सिजन मिळेल. सिलिंडरवर मी स्वतः उभा आहे. पण ही लाइन आज उघडणार नाही. या वॉशरला तेल आहे." त्यांनी जोडणीतली एक चकती काढून आणली होती. केबिनमध्ये नेऊन त्यांनी ती जांभळ्या टॉर्चखाली धरली. साध्या डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या त्या चकतीवर एक फिकट डाग चमकला. तेल आणि द्रव ऑक्सिजन एकत्र आले आणि जरासा धक्का बसला तर स्फोट होतो, हे नर्सिंगच्या पुस्तकात एका वाक्यात असतं. ते वाक्य मी परीक्षेत लिहिलंही होतं. त्या दुपारी मला ते पहिल्यांदा कळलं.

दोन दिवस ते घरी गेले नाहीत. कामगारांबरोबर स्वतः सिलिंडर बदलत राहिले. पहिल्या संध्याकाळीच त्यांना सुपरवायझरचा 'इन्जार' मिळाला. इथे कामावरच्या लेखी ताकिदीला सगळे तेच म्हणतात. कामात अडथळा, वरिष्ठांचा आदेश मोडला, वगैरे. आकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, नोकरीवर अवलंबून असलेल्या माणसाला अशा कागदाची केवढी धास्ती असते हे इथल्या वाचकांना सांगायला नको. सना तेव्हा शाळेत होती. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि पुढचा सिलिंडर जोडायला गेले. तिसऱ्या दिवशी योग्य वॉशर आले, त्यांनी एकेक तपासून बसवला, मग व्हॉल्व्ह उघडला. काही आठवड्यांनी पुरवठादाराकडून तपासणीचा निकाल आला. चकत्या तेलकट होत्या, ऑक्सिजनसाठी नव्हत्याच. तो सगळा माल परत गेला. इन्जार मात्र कोणी मागे घेतला नाही, नुसता विषय बंद झाला. मी चिडून म्हटलं, अर्ज करा. ते हसले. "असू दे फाईलमध्ये. कोणी वाचलाच, तर वॉशरचं काय झालं होतं ते विचारील तरी."

त्या दोन दिवसांत, सिलिंडरचे काटे बघता बघता, त्यांनी मला रॉकेट-विमानांची गोष्ट सांगितली. आवाजाच्या वेगाच्या पलीकडे माणूस जाऊ शकतो का, हे बघायला अमेरिकेतल्या वाळवंटात जी पहिली विमानं उडवली, त्यांची. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं, पोटात द्रव ऑक्सिजन आणि अल्कोहोल भरलेलं ते छोटं विमान मोठ्या बॉम्बर विमानाच्या पोटाखाली टांगून वर न्यायचे. पायलट हवेतच शिडीने त्यात उतरायचा. मग ते खाली सोडायचे आणि सुटल्यावर तो इंजिन पेटवायचा. काही मिनिटांत इंधन संपायचं. पुढे नुसतं तरंगत येऊन कोरड्या तळ्यावर उतरायचं, चुकलं तर दुसरी संधी नाही. "आणि पुढच्या पिढीच्या विमानांचे स्फोट व्हायला लागले," युनूसभाई म्हणाले. "कधी जमिनीवर, कधी त्या मोठ्या विमानाला टांगलेलं असताना. एकामागून एक विमानं गेली. माणसंही गेली. दर वेळी वेगळं कारण काढलं. शेवटी एकदा अवशेषांत सुगावा लागला. टाकीच्या जोडणीत चामड्याच्या चकत्या होत्या. चामडं मऊ राहावं म्हणून त्याला एक तेलकट रसायन पाजलं होतं. ते पाझरायचं, थंडीत गोठायचं. धक्का बसला की स्फोट." आमच्यासमोर टेबलावर ती तेलकट चकती होती.

ही गोष्ट त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या प्रशिक्षकाने दोन वाक्यांत सांगितली होती. पुढचं त्याला माहीत नव्हतं. युनूसभाईंनी ते पुढचं शोधण्यात वीस वर्षं घालवली. दहावीपर्यंतचं इंग्रजी, शेजारी डिक्शनरी, आणि उड्डाण-चाचण्यांच्या जुन्या अहवालांच्या प्रिंट काढून बांधलेल्या वह्या. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी पाच-सहा पानं, त्याहून जास्त नाही, कारण प्रत्येक शब्द कळल्याशिवाय ते पान उलटत नसत. यातून मराठीत पुस्तक करायचं त्यांनी ठरवलं होतं, गावाकडच्या आठवी-नववीच्या मुलांसाठी. पायलटची नावं जगाला ठाऊक आहेत, म्हणायचे, पण त्या चामड्यावर वजन टाकटाकून त्याचा स्फोट होतो हे दाखवणाऱ्या माणसाचं नाव कोण सांगतो. मी टाइप करून देते म्हटलं. मला वाटलं, सहा महिन्यांचं काम असेल. सात वर्षं चाललं.

एकदा इथल्या सालमिया भागातल्या एका हॉलमध्ये मराठी मंडळींच्या मुलांचा कार्यक्रम होता. मी आग्रह केला म्हणून युनूसभाई बोलायला आले. इस्त्रीचा सदरा, हातात थर्माकोलचं नारिंगी विमान. समोरची मुलं घरात मराठी ऐकणारी आणि इंग्रजीत उत्तर देणारी. युनूसभाईंनी त्यांना शेपटीची गोष्ट सांगितली. विमान आवाजाच्या वेगाजवळ पोचलं तेव्हा पायलटने दांडा ओढला, तर काहीच झालं नाही. नाक वर होईना, खाली होईना. हवेच्या आघाताने शेपटीवरच्या हलत्या पट्ट्या निकामी झाल्या होत्या. सगळ्यांना वाटलं, संपलं, इथून पुढे जाता येत नाही. पण जमिनीवर एक इंजिनियर आकडे घेऊन बसला होता. तो म्हणाला, पट्टी नका हलवू, आख्खी आडवी शेपटीच थोडी थोडी हलवून बघा. तशी सोय विमानात आधीच होती. पुढच्या उड्डाणात तसं केलं, आणि त्यानंतर आवाजाच्या वेगापलीकडे गेले. सांगताना त्यांनी थर्माकोलची शेपटी दोन बोटांनी जराशी वर-खाली केली. मागच्या रांगेतली मुलंही उभी राहून बघत होती. एका मुलीने विचारलं, "अंकल, डिड यू फ्लाय इट?"

"नाही बेटा," युनूसभाई म्हणाले. "मी टाकी भरणाऱ्यांतला."

हॉलमध्ये हशा पिकला. तेही हसले, पण मग त्यांनी पहाटेपासून हातमोजे घालून ऑक्सिजन भरणाऱ्यांबद्दल सांगायला घेतलं, आणि त्यांना थांबवायला संयोजकांना दोनदा चिठ्ठी पाठवावी लागली.

गेल्या वर्षी त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. रिपोर्ट मी आधी पाहिला आणि कसं सांगावं या विचारात त्यांच्या केबिनपर्यंत चालत गेले. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. "किती महिने, ते सांगा," म्हणाले, "त्याप्रमाणे प्रकरणं लावतो." त्यांच्या पत्नी रेहानाभाभींना त्यांना गावी न्यायचं होतं. ते म्हणाले, पुस्तक झालं की जाऊ. भाभी माझ्याजवळ रडल्या. या माणसाला बायकोपेक्षा ती जळलेली विमानं जवळची आहेत, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच टेबल खिडकीपाशी, समुद्र दिसेल असं सरकवून दिलं. केमोच्या आठवड्यात ते लिहीत नसत, नुसते तपासत. शेपटीचं प्रकरण त्यांनी पाच वेळा फाडलं. 'शॉक वेव्ह'साठी "आघात-लाट" हा शब्द त्यांना पसंत नव्हता, दुसरा सुचत नव्हता. मी एकदा म्हटलं, आता राहू द्या, मुलांना कळेल. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मला कळल्याशिवाय मुलांना कसं कळेल?"

शेवटच्या दोन महिन्यांत हात थरथरायला लागला, तरी पुस्तकातली चित्रं त्यांनी स्वतःच काढली. विमानाचा उभा छेद काढायला नऊ दिवस लागले. त्यानंतर ते उठले नाहीत. दफन इथेच झालं. गावी जायचं राहून गेलं, याची टोचणी भाभींना आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही आहे.

ते जाऊन चाळीस दिवस व्हायच्या आधीच सना माझ्या घरी, खैतानला आली. ती आता इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडिलांशी इंग्रजीत बोलत मोठी झालेली, देवनागरी अक्षर लावून लावून वाचणारी. पिशवीतून हस्तलिखित काढून म्हणाली, "आय वाँट टू रीड इट. ऑल ऑफ इट." तेव्हापासून दर शुक्रवारी ती येते. ती मोठ्याने वाचते, अडते, मी शब्द सांगते. सुरुवातीला एका बैठकीत दोन पानं व्हायची. रत्नागिरीचे मुद्रक वाट बघत आहेत. त्यांना मी महिनाअखेरचा शब्द दिला होता.

मागच्या शुक्रवारी ती विमानाच्या त्या छेदापाशी आली. बराच वेळ बघत राहिली. मग मागची पानं उलटली, पुन्हा चित्राकडे आली आणि म्हणाली, "मीनाआंटी, हे चुकलंय." मराठीत म्हणाली. मी वाकून पाहिलं. मजकुरात युनूसभाईंनी लिहिलं होतं की पायलट थंडीने गारठायचा, कारण द्रव ऑक्सिजनची टाकी त्याच्या पाठीलाच होती. चित्रात मात्र मागच्या टाकीवर 'ऑक्सिजन' लिहिलं होतं आणि पाठीजवळच्या टाकीवर 'अल्कोहोल'. दोन नावांची अदलाबदल झाली होती. इतकी वर्षं टाकीशी घालवलेल्या माणसाकडून, त्या नऊ दिवसांत कधीतरी. अक्षर इतकं कापरं होतं की माझ्याने बघवेना.

मी म्हटलं, सना, राहू दे. त्यांच्या हातचं शेवटचं आहे. कोणाच्या लक्षात येणार नाही.

तिने पिशवीतून वडिलांच्या त्या प्रिंटच्या वह्या काढून टेबलावर पसरल्या, तीन वेगवेगळ्या अहवालांतले छेद शोधले, प्रत्येकावर बोट ठेवून टाक्यांचा क्रम पाहिला. तासभर गेला. मग तिने चित्राची एक प्रत काढली, मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून बाजूला ठेवला, आणि प्रतीवर पेन्सिलने, एकेक अक्षर मला विचारत, पायलटच्या पाठीशी 'ऑक्सिजन' लिहिलं. तिचा 'ऑ' वाकडा आला. तिने तो खोडला आणि पुन्हा लिहिला.

तेवढ्यात मुद्रकांचा फोन आला. छपाईला कधी सोडायचं, विचारत होते. मी सनाकडे पाहिलं. तिच्यासमोर अजून सहा चित्रं होती, आणि तिने पहिल्याचे अहवाल शोधायला घेतले होते.

"थांबा म्हणावं त्यांना," मान वर न करता ती म्हणाली. "तपासून झालं नाही."