मास्तरांच्या ओठांतल्या टाचण्या

टेलरमास्तरांनी चाळीस वर्षं ओठांत टाचण्या धरून काढली. गिऱ्हाईक काहीही विचारो, उत्तर एकच, "हं." लग्नाला होकारही यांनी टाचण्यांतूनच दिला असेल, असं त्यांची बायको म्हणायची.

लेक कारखान्यात कामाला जाऊ लागली, तेव्हापासून तिची चिमी दुकानातच वाढली. गुणाची पोर. तिनं बोट दाखवायचा अवकाश, की मास्तर रीळ, बटण, पाणी हातात देत. अडीच वर्षांची झाली तरी चकार शब्द नाही. ओठ घट्ट मिटून ती नुसती "हं" करायची आणि मास्तरांना त्याचं कौतुक वाटायचं.

डॉक्टरीणबाईंनी तिचे कान तपासले. "कान उत्तम आहेत. हिच्याशी दिवसभर बोलतं कोण?"

लेकीनं बापाकडे पाहिलं. मास्तरांनी जमिनीकडे.

"बोला तिच्याशी," बाई म्हणाल्या. "आणि मागायच्या आधी देऊ नका. जरा थांबा. तीन महिन्यांनी परत दाखवा."

पोरीला आपणच गप्प बसायला शिकवलं, याची मास्तरांना मनापासून लाज वाटली. त्यांनी चंगच बांधला. मनगटाला टाचण्यांची छोटी उशी बांधली आणि तोंड उघडलं. "ही बाही. ही बघ, कापली. आता दुसरी." संध्याकाळपर्यंत घसा बसायचा.

"मास्तर, हल्ली मशीनपेक्षा तुमचाच आवाज जास्त," गिऱ्हाइकं म्हणायची.

"हसा खुशाल. पण जाताना तिच्याशी दोन शब्द बोलून जा."

थांबणं मात्र जिवावर यायचं. "लाल की निळं?" विचारून ते मनात दहा आकडे मोजायचे. चिमी रडकुंडीला यायची, मास्तरही. मग बटण द्यायचे, पण "लाल" म्हणूनच. दोन महिने गेले. शब्द नाही.

"बोलेल हो, बाबा," लेक म्हणाली.

"बोलेल कशी? बोलतं करायचंय."

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात गणवेशांचा ढीग पडला. घाईत जुन्या सवयीनं हात गेला आणि चार टाचण्या ओठांत. दुकान गप्प झालं. चिमी उठली, मास्तरांपाशी आली आणि त्यांच्या हनुवटीखाली तळहात धरला.

"काढ."

मास्तरांनी मशीन थांबवलं. एक टाचणी काढली, उशीत खोचली आणि थांबले. मनात मोजू लागले.

"काढ."

दुसरी. तिसरी. चौथ्या "काढ"ला ओठ मोकळे झाले आणि मास्तरांना एक शब्द बोलता येईना.