कार्डांच्या कडेवरची निळी रेघ
जुन्या पुस्तकातून एक दुमडलेलं पंच कार्ड पडलं, कडेला निळा ठिपका असलेलं. तेव्हा वागळे इस्टेटमधल्या कॉम्प्युटर सेंटरवर मी नवी होते. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा पगार होता, आणि त्या हिशेबाच्या कामाचे, म्हणजे जॉबचे, हुकूम मशीनला क्रमाने देणारी सगळी कार्डं माझ्या हातून जमिनीवर सांडली. क्रम चुकला की जॉब बंद. डोळे पुसत मी ती गोळा करायला बसले. सीनियर ऑपरेटरबाई पदर खोचून शेजारी बसल्या. "काय गं कॉन्व्हेंट, रडतेस काय? कडा बघ आधी." माझ्या गठ्ठ्याच्या कडेवर त्यांनी सकाळीच निळी तिरकी रेघ ओढून ठेवली होती, प्रत्येक कार्डावर तिचा एक ठिपका! ठिपक्याला ठिपका लावत गेलो तशी रेघ पुन्हा अखंड झाली. पडताना दुमडलेलं एक कार्ड त्यांनी नवं पंच करून दिलं. जुनं मी ठेवून घेतलं. आता हुकूम पडद्यावरच टाइप करते. काही सांडत नाही, आणि जमिनीवर शेजारी येऊन कोणी बसतही नाही.