आईच्या तळहातातले सल

हे लिहू की नको, यात माझी दोन वर्षं गेली. इथले अनुभव वाचतो, पण स्वतःचा सांगायची हिंमत होत नव्हती. आधीच सांगतो – असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. सरकारी खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस मी. कागद असेल तर बोला, नाहीतर उद्या या... गावात कोणी देवचाराच्या, भुताखेतांच्या गोष्टी सुरू केल्या की मी उठून पाणी प्यायला जायचो. पण हे माझ्याच घरात घडलं, आणि तेही भर दुपारी.

आमचं घर लाटंबार्सेला, डिचोली तालुक्यात. मागे काजूची बाग, आणि बाग नि घर यांच्यामधे लाकडांची खोप – तीन बाजूंनी मातीच्या भिंती, चौथी बाजू उघडी. आईच्या खोलीचं जनेल, म्हणजे खिडकी, बरोबर त्या खोपीसमोर उघडायची. गोवा घटकराज्य झालं त्या वर्षीची ही गोष्ट. मी वाळपईला कारकून होतो. आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहायचो, शनिवारी दुपारी घरी यायचो. घरी आई आणि माझी बायको सुनंदा.

पावसाळ्याच्या चार महिन्यांचं जळण आई एकटीने जमवायची. नुसतं जमवायची नाही, तिला लाकूड कळायचं. साल सोललेला तुकडा असला तरी दुसऱ्या तुकड्यावर आपटायची, आवाज ऐकायची, कापलेल्या तोंडाचा वास घ्यायची आणि सांगायची – "हो किंदळ, निखारो धरता. हो पांगारो, फुकटचो भार." मग रचणं. जड ओंडके खाली, साल वरच्या बाजूला म्हणजे पावसाचे शिंतोडे ओघळून जातात, काजू वेगळा, किंदळ वेगळा. काजऱ्याचं, म्हणजे कुचल्याचं लाकूड मात्र ती खोपीत येऊच द्यायची नाही. "काजऱ्याचो धूर घरात नको," एवढंच म्हणायची. का ते मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी आईला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू पूर्ण गेली, वाचाही गेली. डावा हात जेमतेम पोटापर्यंत उचलायची. पणजीच्या डॉक्टरांनी सांगितलं, एवढ्यावर समाधान माना. ऑफिसात तेव्हा मराठी की कोंकणी यावरून चहाच्या वेळी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. मी त्यात पडलो नाही. माझ्या घरी एक माणूस कुठल्याच भाषेत बोलत नव्हतं.

एप्रिलमध्ये मी टेम्पोभर लाकूड आणवलं. ओळखता येत नाही, रचता येत नाही... मी आणि सुनंदाने ते खोपीत जसं येईल तसं टाकलं. आई जनेलातून बघत होती.

पुढच्या शनिवारी आलो तर एक भिंतभर लाकूड नीट रचलेलं. जड खाली, साल वर.

"तू केलंस?" मी सुनंदाला विचारलं.

"मी? मला वेळ कुठे आहे? मला वाटलं तुम्हीच कोणाला सांगून गेलात."

मी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात दुसरी भिंत. यावेळी आठ-दहा ओंडके बाहेर काढून बांधाला टेकवून ठेवलेले. मी शेजारच्या पांडूकाकांना बोलावलं. जन्मभर रानात हिंडलेला माणूस. त्यांनी बाहेरचे ओंडके उलटून पाहिले.

"ह्यो सगळो काजरो. टेम्पोवाल्यान घुसवल्यान तुका." मग ते खोपीत गेले, रचलेल्या लाकडांवरून हात फिरवला. "कोणी रचला ह्या?"

"माहीत नाही."

"ह्यो हात तुझ्या आवयचो."

मला राग आला. मी म्हटलं, काका, ती कूस बदलू शकत नाही. ते निघून गेले, आणि नंतर आमच्या मागच्या अंगणात कधी आले नाहीत.

मी संशय सुनंदावरच घेतला. दुसरं घरात होतंच कोण? डिचोलीच्या बाजारात वाढलेली ती. काजू आणि किंदळ तिला समोर ठेवले तरी ओळखता आले नसते, हे माहीत असूनही मी तिला नको ते बोललो. ती भांडली नाही. माझा हात धरून आईच्या खोलीत घेऊन गेली. आईचा उजवा हात – तो मेलेला हात – उलटा करून तिने माझ्यासमोर धरला.

तळहातात लाकडाचे सल रुतले होते. पाच. नखांत सालीचा काळा चुरा.

"मी रोज अंग पुसताना हात धुते," सुनंदा म्हणाली. "रोज काढते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला वेडी ठरवलं असतं."

सुईने सल काढायला मी त्या दिवशी पहिल्यांदा बसलो. आईला काही जाणवत नव्हतं. माझ्याकडे बघत होती फक्त.

मी पंधरा दिवसांची रजा टाकली. पहिले तीन दिवस खोपीसमोर कदेल (खुर्ची) टाकून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलो. काहीच हललं नाही. चौथ्या दिवशी दुपारी जेवून मी आईजवळ जाऊन बसलो. तिचा उजवा हात माझ्या हातात होता. सुनंदा विहिरीवर. तीन वाजले असतील. आईचा श्वास वाढला... चढावर ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाचा असतो तसा. कपाळावर घाम. आणि जनेलाबाहेरून आवाज – टक. थोडं थांबून पुन्हा टक. लाकडावर लाकूड.

उठून दोन पावलं टाकली असती तर मला खोप दिसली असती. मी उठलो नाही. घाबरलो म्हणून म्हणा, किंवा हातातला हात जड आणि गरम होत चालला होता म्हणून म्हणा. सुनंदाला हाक मारली. ती धावत खोपीकडे गेली आणि आवाज थांबला. मी हात उघडून पाहिला तर तळव्यात ताजा सल. थोडं रक्त.

"आये, पुरे," मी म्हटलं. "मी करीन. तू सांग, मी तसंच करीन."

त्या दिवसापासून मी एकेक लाकूड तिच्या नाकाशी धरू लागलो. किंदळ? डोळे मिटले तर हो. काजू? डोळे उघडेच, म्हणजे नाही. असं करत उरलेली सगळी रास मी स्वतः रचली, दोन दिवस लागले. वाटलं, सुटलो. तिसऱ्या दिवशी ती सगळी पुन्हा नव्याने रचलेली होती. आईचा हात सुजला होता. पेजेचे चार घोट जायचे तेही जाईनात. प्रत्येक खेपेला ती थोडी थोडी वाळत चालली होती.

मग मला जे सुचलं ते मी केलं. सगळं लाकूड गावातल्या पोदेराला, पाव भाजणाऱ्याला, भट्टीसाठी देऊन टाकलं. खोप झाडून रिकामी केली, स्वयंपाकाला स्टोव्ह आणला. त्या दिवशी तळहात स्वच्छ राहिला. दुसऱ्या दिवशीही. पण आईने तोंड मिटून घेतलं. पेज नाही, पाणी नाही. चमचा लावला की ओठ घट्ट. रिकाम्या खोपीकडे बघत पडून राहायची. डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले, आता असंच असतं. चौथ्या दिवशी सुनंदा रडत म्हणाली, "अहो, लाकडं परत आणा."

पोदेर चांगला माणूस. जळलं नव्हतं तेवढं त्याने परत दिलं, कारण विचारलं नाही. संध्याकाळी खोपीत लाकडांचा ढीग पडला आणि आईने वाटीभर पेज घेतली.

लाकूड ठेवावं तर ती झिजणार, काढावं तर उपाशी मरणार. मी वाळपईला परत गेलो. दर शनिवारी घरी यायचो, हात धुऊन सुई आणि खोबरेल तेल घेऊन आईजवळ बसायचो. सल काढायचो. बाहेर भिंत वर चढत गेली. मे संपताना घटकराज्य झालं, ऑफिसात पेढे वाटले. मी माझा पेढा खिशात घालून घरी आणला, कुस्करून तिच्या जिभेवर ठेवला.

पाऊस लागायच्या आधी खोप भरली. वरची शेवटची ओळ नीट बसली, आणि त्यानंतर एक लाकूड हललं नाही. तळहाताच्या जखमा भरून आल्या. मला वाटलं, आता सुधारेल. आषाढात एका सकाळी सुनंदा तोंड धुवायला पाणी घेऊन गेली तेव्हा आई गेलेली होती.

डॉक्टरांना मी नंतर सगळं विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुम्ही दमलात, थोडे दिवस विश्रांती घ्या. सुनंदा आजही या विषयावर बोलत नाही. ते लाकूड आम्ही चार महिने जाळलं. एकही ओंडका ओला निघाला नाही.

लोक विचारतील, हे झालं कसं. ते मला माहीत नाही, आणि आता त्याचं फारसं वाटतही नाही. मला दुसराच प्रश्न खातो. सल काढताना ती माझ्याकडे एकटक बघायची. ती मला सांगत होती की माझं काम मला करू दे... की ते काम तिच्याकडून कोणीतरी करवून घेत होतं, आणि ती मला म्हणत होती, सोडव. त्या डोळ्यांत दोन्ही बसत होतं. मी हो म्हणून डोळे मिटायला तिला शिकवलं होतं. हा एक प्रश्न मात्र मी तिला विचारलाच नाही.