मोल्टला बसलेली अळी

बेल्ह्याजवळ आमची रेशमाच्या अळ्यांची शेड आहे. कात टाकायच्या आधी अळी खाणं सोडते आणि डोकं वर करून गप्प राहते. मोल्टला बसली म्हणतो आम्ही तिला. तेव्हा पाला टाकायचा नाही, वरून चुन्याची भुकटी तेवढी मारायची. कात टाकून उठली की परत खायला लागते.

नात कॉलेजात किड्यांचंच शिकते. ती सांगायची, "आजी, अळीच्या मेंदूतनं न्यूरोपेप्टाइड नावाचे रस सुटतात, हार्मोनसारखे. आता कात टाक, असं तेच अंगाला कळवतात."

यंदा आजारपणात आमच्या ह्यांनी खाणं सोडलं. मी पेजेची वाटी घेऊन मागं लागले, तर म्हणाले, "मोल्टला बसलेल्या अळीला पाला टाकतीस का गं? मग मलाच कशाला? चुना मार वरनं!" मी हसले बाई. आणि खरं सांगू, मनात धरूनच बसले की हे पण तसेच उठतील. नातीला विचारलं, "माणसाला सुटतो का गं असला रस?"

ते गेले त्याच सकाळी अळ्या मोल्टमधनं उठल्या. सुतकात घरात चूल पेटली नव्हती, आमचं जेवण शेजारून आलं. पण अळ्यांना पाला कोण देणार? "वहिनी, तुमी बसा," सगळे म्हणत होते. मी उठलेच. तुती कापून आणली, रॅकवर पसरली. सगळ्या एकदम खायला लागल्या, आणि मला तिथं उभं राहवेना.