रिकामं ताट

"ताट रिकामं झाल्याबिगर मी हितनं हालायची न्हाई," असं म्हणत मावशी चौकटीला टेकून बसायच्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षराला आणि शुद्धलेखनाला हसू नका. अशी मावशी तुम्हीही कुठे पाहिली असेल.

मावशी आमच्या वलवणच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वस्तीवर राहायच्या. लोणावळ्याच्या दवाखान्यात त्या आया होत्या; सुई टोचायला तिथल्या नर्सबाईंनी शिकवलेलं. माझ्या सासूबाई मधुमेहाने तिथे पडून होत्या. घरी आल्यावर रोज इन्सुलिन घ्यायचं होतं, तेव्हा मावशी आपणहून येऊ लागल्या. औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची, पिचकारी उकळून घ्यायची, सगळं त्यांनी मला दाखवलं. सुई टोचल्यावर उपाशी राहिलं तर जिवावर बेततं, म्हणून सासूबाईंचं जेवण होईपर्यंत त्या बसून राहायच्या.

"मी काय पोर हाय व्हय, माझं घास बघत बसायला?" सासूबाई चिडायच्या.

"पोर बरं की आक्का. भूक लागली की रडतंय तरी."

श्रावणातला सोमवार. सुई घेतल्यावर "चुलीचा धूर लय झालाय" म्हणत सासूबाई ताट घेऊन परसात गेल्या आणि थोड्या वेळाने रिकामं ताट घेऊन आल्या. मावशी निर्धास्त निघून गेल्या. भाकरी गाईने खाल्ली होती. सासूबाईंनी जन्मात सोमवार मोडला नव्हता.

दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणं बरळल्यासारखं झालं. मी वस्तीकडे धावले. मावशी आल्या, गूळ पाण्यात कालवला आणि स्वतःच्या हाताने त्यांना पाजला. वस्तीवरच्या माणसाच्या हातचं पाणी सासूबाई पीत नसत.

शुद्धीवर आल्यावर त्या म्हणाल्या, "बाटवलंस मला. त्यात सोमवारी."

"बाटू दे आक्का. जित्ती हाईस न्हवं?" मावशी हसल्या, पण उठून उंबऱ्याबाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बाहेरच, पायरीवर बसल्या. "सूनबाई, आता तू टोच. मी हितनं बघते." कित्येक दिवस बाहेरूनच त्यांनी माझा हात धीट केला. ताट रिकामं होईपर्यंत मात्र पायरी सोडली नाही.

दिवाळीनंतर मावशी तापाने गेल्या.

पुढच्या श्रावणात पहिला सोमवार आला. पिचकारी हातात घेऊन मी घाबरून उभी होते. सासूबाईंनी दंड पुढे केला. मग दाराकडे तोंड करून जेवायला बसल्या, शेवटचा तुकडा खाल्ला, आणि रिकामं ताट उचलून कितीतरी वेळ पायरीकडे धरून राहिल्या.