बिनदेठाची शेवंती

साखरबाई म्हणजे माझी आई. इनामगावात घोड नदीच्या काठाला आमची पंधरा गुंठे शेवंती, आणि ती खुडायला एकटी साखरबाई. मी चौथीत असताना वडील गेले, तेव्हापासून आईची प्रत्येक सकाळ त्या सरीतच उजाडली. खुडायचं कसं, तर अंगठ्याचं नख फुलाच्या अगदी बुडाशी लावायचं आणि टचकन मोडायचं. देठ चुकूनसुद्धा यायला नको. देठ दिसला की शिरूरच्या बाजारातला हारवाला पाटी परत करतो. खुडता खुडता आई गप्पा मारायची, सासरच्यांचा उद्धार करायची, पण दोन्ही हात काही थांबायचे नाहीत. ते नख कायमचं काळंहिरवं झालेलं. त्या नखावर मी बी.कॉम. झाले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मला माझीच शिसारी येते.

दोन हजार तीन साली मी रांजणगावच्या एका कंपनीत ऑफिसला लागले आणि तिथंच खोली घेऊन राहिले. इंग्रजी बरं होतं, म्हणून जपानी साहेबांचं इंग्रजी बोलणं मराठीत सांगायचं काम माझ्याकडं आलं. बाकीच्या पोरी पुण्याहून कंपनीच्या बसनं यायच्या. त्यांच्यात डबा खाता खाता मी थापा मारायला शिकले. आमची मोठी फुलशेती आहे, कामाला गडी आहेत, बाया आहेत. एक थाप पचली की दुसरी आपोआप सुटते.

मार्गशीर्षात साहेबांच्या बायकोनं, मोरिताबाईंनी, आम्हा बायकांना इकेबाना शिकवायचं ठरवलं. इकेबाना म्हणजे फुलं मांडायची जपानी रीत. माझ्या शेजारच्या टेबलावरची रुपाली लगेच म्हणाली, "तेजश्रीची फुलशेती आहे की. फुलं तिच्याकडून." मी फुशारकीनं हो म्हटलं आणि आईला निरोप धाडला: शनिवारी दहाच्या आत चार किलो शेवंती, टवटवीत, जीपवाल्याकडं दे.

आईनं जीपवाल्याकडं दिली नाही. फुलं चेंगरतील म्हणून स्वतःच घेऊन आली. आम्ही सगळ्या मीटिंग हॉलमध्ये जमलेल्या, आणि दारात चपला काढून ही उभी. डोक्यावर पाटी, पाटीवर ओलं फडकं, लुगड्याचा काठ चिखलानं भरलेला. मला बघून तिचं तोंड उजळलं.

"ही कोण गं?" रुपालीनं विचारलं.

"आमच्याकडं कामाला असते," मी म्हणाले.

आवाज कमी ठेवायचीही अक्कल मला नव्हती. आईच्या ओठावर 'तेजा' आलेलं मी बघितलं. ते तिनं गिळलं आणि म्हणाली, "बाई, पाटी कुठं ठिवू?"

मी काय केलं, तर बोटानं टेबल दाखवलं. त्याच क्षणी ते बोट झडायला हवं होतं माझं.

फडकं काढलं. पिवळीधमक, एकसारखी फुलं, आणि एकालाही देठ नाही. पोरी एकमेकींकडं बघून खुसुखुसु हसायला लागल्या. टेबलावर पसरट ताटल्या होत्या, प्रत्येकीत पितळी काट्यांची एक चकती. त्या काट्यांत देठ खुपसून फूल उभं करायचं होतं. ते मला तरी कुठं ठाऊक होतं? निरोपात मी देठाचं नावही काढलं नव्हतं. तरी खेकसले आईवरच, "देठ ठेवायचे एवढं कळत नाही का?"

"चुकलं बाई," आई म्हणाली.

मोरिताबाईंनी पुण्याहून लांब देठाची कार्नेशनची फुलं आणली होती, त्यामुळं वर्ग काही अडला नाही. आई पाटी सोडून निघाली, तर त्यांनीच तिला थांबवलं, खुर्ची ओढली आणि मला म्हणाल्या, यांनाही करून बघू दे. आई खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. मोरिताबाईंनी आधी करून दाखवलं. एक उंच फांदी, एक तिच्याहून बुटकी, खाली एकच फूल. झालं.

आई बराच वेळ ताटलीकडं बघत राहिली. मग मला हळूच म्हणाली, "आन् बाकीचं कवा भरायचं?"

"भरायचं नसतं. मोकळंच ठेवायचं."

"बरं," ती म्हणाली, पण तिला ते पटलं नव्हतं.

मग तिनं कार्नेशनची तीन फुलं उचलली. आधी वास घेतला, बोटानं पाकळ्या चाचपल्या. आणि पुढं नखानं त्याचं रोजचं काम केलं. टच, टच, टच. तीन फुलं ओंजळीत, तीन लांब देठ फरशीवर. आपण काय केलं ते तिला सगळ्यांच्या नंतर कळलं. घाईघाईनं तिनं देठ उचलले, काट्यांवर उभे केले आणि एकेक फूल देठाच्या टोकावर ठेवून बघायला लागली. ठेवलं की पडायचं. ती पुन्हा ठेवायची.

पोरी पोट धरधरून हसल्या. मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले, कारण न हसणारी लगेच ओळखू आली असती.

मोरिताबाई मात्र हसल्या नाहीत. त्या आईशेजारी बसल्या आणि मला म्हणाल्या, यांना विचार, मुलंबाळं किती?

"बाई, तुम्हाला मुलं किती?" मी विचारलं. जन्मात कधी मी तिला तुम्ही म्हटलं नव्हतं.

आई सांडलेलं पाणी पदरानं पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "येक लेक हाय. लई शिकल्याली हाय. पुण्याला हापिसात असती. माजं आसं हसं झालं, ह्ये तिच्या कानावर घालू नका म्हणावं. लाजंल ती."

मोरिताबाई माझ्या तोंडाकडं बघत थांबल्या होत्या. मी त्याचं इंग्रजी करून सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. एक शब्द चुकला नाही.