बेघरांची यादी

दाराची लोखंडी कडी चुलीच्या निखाऱ्यांत लाल झालेली मी एकदाच पाहिली.

त्या हिवाळ्यात सरकार बेघरांना सरपण आणि घोंगड्या देणार होतं. यादी माझ्याकडे होती. सखूबाईंचा नवरा थंडीनं आजारी होता; पण त्यांची पत्र्याची का होईना, खोली होती, म्हणून मी त्यांना परत पाठवलं.

आठवड्यानं पाहणीला गेलो, तर खोलीला दारच नव्हतं.

"यांना शेकायला जाळलं, साहेब," त्या म्हणाल्या. "आता तरी बेघरांत धराल ना?"

माणसाचं घर नेमकं कधी संपतं, हे नियमात नव्हतं. 'भिंती शाबूत, अपात्र,' असं मी लिहू लागलो. सखूबाईंना वाचता येत नव्हतं. कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यांनी तो माझ्यासाठी दोन्ही हातांनी धरून ठेवला.